१८ एमएमच्या प्लायवर आर्केडचं कोणतं बटण बसवावं?

प्रश्न इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका मुलाचा आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वडिलांच्या मदतीने घरीच दोघांना खेळता येईल असं आर्केड पॅनेल, म्हणजे व्हिडिओ गेमसाठी बटणं आणि जॉयस्टिक बसवलेली फळी, बनवतोय आणि गणपतीत ते कॉलनीच्या मंडपात ठेवायचा त्यांचा बेत आहे. १८ एमएमचा प्लाय आणला, वर काळं सनमाइका चिकटवलं, दोन पिको बोर्ड (बटणाचा दाब ओळखून तो यूएसबीने कॉम्प्युटरला कळवणारे छोटे सर्किट बोर्ड) घेतले, आणि गाडी बटणांपाशी अडली. ३० एमएमची, नुसती दाबून खटक्याने बसणारी जपानी बटणं घ्यावीत? की लांब मानेची, खालून नट लावायची, मायक्रोस्विचवाली (खाली वेगळा छोटा स्विच असलेली) अमेरिकन पद्धतीची? की महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराने दाखवलेली मशीनची २२ एमएमची पुश बटणं, जी 'जन्मभर चालतील' असं त्याने सांगितलं? बटणात दिवा हवा का? आणि शेवटी त्याने लिहिलंय: 'काका, नेमकं काय बघून ठरवायचं तेच कळत नाहीये.'

बाळा, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुझ्या प्लायसाठी लांब मानेची, नटाने आवळायची आणि मायक्रोस्विच वेगळा काढता येईल अशी बटणं घे. मशीनची २२ एमएमची बटणं खेळायला घेऊ नकोस. जपानी बटणं फार सुंदर असतात, मला स्वतःला तीच जास्त आवडतात, पण तुझ्या प्लायला ती थेट बसणार नाहीत. हवीच असतील तर पॅनेलची रचना बदलावी लागेल, तीही सांगतो. आणि कोणतीही ठरवलीस तरी सगळी एकदम मागवायची नाहीत.

मी २६ वर्षं कंट्रोल पॅनेलचं काम करतोय, पोलोग्राउंडला आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत. आर्केडचं काम गेल्या नऊ वर्षांतलं, हौसेचं. पण स्विच म्हणजे काय हे मी कारखान्यात शिकलो नाही, झांकीच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याच्या, गाडीवर शिकलो. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या तू लहानपणापासून बघत असशील. हात वर करून आशीर्वाद देणारा देव, मान डोलावणारा हत्ती, यांच्या पाठीमागे मोटर असते आणि हालचालीच्या दोन्ही टोकांना एकेक लिमिट स्विच, हात टोकाला पोचला की मोटरला कळवणारा. रात्रभर मिरवणूक, धूळ, मधूनच पावसाची सर. एक स्विच चिकटला की देवाचा हात वर तो वरच. तेव्हापासून कुठलंही बटण हातात आलं की मी आधी ते उलटं करतो. वरची रंगीत टोपी सगळ्यांचीच छान दिसते, बटणाचं आयुष्य खालच्या स्विचमध्ये असतं.

आता जाडी. तुझा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

अमेरिकेत आर्केडचे कॅबिनेट लाकडाचे असायचे, पाऊण इंच जाडीचे, म्हणजे सुमारे १९ एमएम. त्यामुळे तिथल्या बटणांना लांब आटे दिले, म्हणजे एवढं लाकूड पार करूनही खाली नट बसायला जागा उरते. जपानमधल्या कॅबिनेटचं पॅनेल पत्र्याचं. तिथे लांब मान लागतच नव्हती. बटणाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची जीभ दिली, भोकात दाबलं की ती पत्र्याच्या खालून उघडते आणि बटण अडकून बसतं. ही जीभ साधारण २ ते ४ एमएमच्या पत्र्याला किंवा ॲक्रिलिकला पकडते. १८ एमएमच्या प्लायमध्ये ती भोकाच्या आतच दबून राहते. सुरुवातीला घट्ट वाटतं, पण दोन महिन्यांनी मुलं जोरात खेळायला लागली की बटण फिरतं आणि वर येतं. सान्वा या जपानी कंपनीचं ओबीएसएफ-३० हे खटक्याचं, त्याचाच नटवाला भाऊ ओबीएसएन-३०. सेइमित्सू या दुसऱ्या जपानी कंपनीचं पीएस-१४-जी खटक्याचं आणि पीएस-१४-जीएन नटवालं. जपानी नटवाल्यांनाही आटे असतात, पण ते आखूड असतात. १८ एमएमच्या पलीकडे नट धरायला आटेच उरत नाहीत. अनेक जण 'नटवालं आहे ना, मग बसेल' म्हणून मागवतात आणि फसतात. नट आहे एवढं पुरत नाही, मानेची लांबी मोजायची.

जपानीच हवं असेल तर माझ्या हातून चांगला उतरलेला एक मार्ग आहे. प्लायला प्रत्येक बटणाच्या जागी ३८ एमएमचं भोक पाड. हे होल सॉचं (भोक पाडायच्या गोल करवतीचं) नेहमीचं माप आहे, सियागंजात कुठेही मिळेल. वर ३ एमएमचं ॲक्रिलिक टाक आणि त्यात ३० एमएमची भोकं लेझरने कापून घे. पाट्या बनवणाऱ्यांकडे लेझर असतो, फक्त नकाशा नीट काढून न्यायचा. बटण ॲक्रिलिकला पकडतं, प्लाय नुसता आधार देतो, आणि जिभेला उघडायला भोवती जागा राहते. ॲक्रिलिकखाली रंगीत छपाईही सरकवता येते. पण तुझं सनमाइका चिकटवून झालंय, ते झाकलं जाईल. मला विचारशील तर या पॅनेलला हात लावू नकोस, पुढचं मांडीवर ठेवायचं छोटं पॅनेल बनवशील तेव्हा ही पद्धत वापर.

भोकाच्या मापाबद्दल एक गोष्ट, कारण चूक झाली तर प्लाय वाया. अमेरिकन बटणाचं मूळ भोक सव्वाएक नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ एमएम. बाजारात त्यालाच २८ एमएमचं बटण म्हणतात. आलेलं बटण व्हर्नियरने मोज, मगच बिट घे. वरची कड भोकापेक्षा रुंद असते, त्यामुळे ३० एमएमच्या भोकातही हे बटण नटाने आवळून छान बसतं. उलटं होत नाही, २८.६च्या भोकात जपानी बटण जात नाही. म्हणून मी प्लायलाही ३०चंच भोक पाडतो, पुढे कधी लांब मानेचं ३० एमएमचं बटण मिळालं तर दार उघडं राहतं. फॉर्स्टनर बिट, म्हणजे स्वच्छ कडेचं गोल भोक पाडणारं ड्रिलचं पातं, वापर. होल सॉ सनमाइकाची कड कुरतडतो आणि काळ्या सनमाइकावर ते पांढरे ओरखडे लपत नाहीत. आधी बारीक ड्रिलने आरपार मध्यबिंदू काढ, वरून सनमाइका आणि थोडं लाकूड काप, मग पालटून खालून पुरं कर. बटणांच्या केंद्रांत ३६ ते ४० एमएम अंतर ठेव. ३६पेक्षा जवळ गेलास की कडा एकमेकींना घासतात. आणि भोक पाडण्याआधी पुठ्ठ्यावर नकाशा काढून वडिलांचा हात त्यावर ठेवून बघ, नुसता तुझा नको. मंडपात सगळ्या मापांचे हात येणार आहेत.

आता महाराणी रोडची बटणं. त्या दुकानदाराने तुला खोटं सांगितलेलं नाही. ती बटणं माझ्या रोजच्या कामातली आहेत, मी ती शेकड्यांनी बसवली असतील. कारखान्यात माणूस हातमोजा घालून, दिवसातून वीस-तीस वेळा, मोटर चालू-बंद करायला ती दाबतो. चुकून धक्का लागून मशीन सुरू होऊ नये म्हणून स्प्रिंग मुद्दाम ताठ असते. तेच बटण गोळ्या झाडायला मिनिटाला दोनशे वेळा दाबायचं म्हटलं तर दहा मिनिटांत मनगट भरून येईल. हा झाला बोटाला कळणारा दोष. दुसरा दोष आतला आहे आणि तो जास्त वाईट, कारण तो महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो.

हे जरा सावकाश वाच. पिकोच्या आत जो पुल-अप रेझिस्टर असतो, म्हणजे बटण सुटं असताना पिनला वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा, तो ५० ते ८० किलोओहमचा. बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. म्हणजे तू बटण दाबतोस तेव्हा कॉन्टॅक्टमधून जेमतेम ४० ते ६६ मायक्रोअँपिअर वाहतात. मशीनच्या बटणातला कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचा असतो, तो अँपिअरमध्ये वीज वाहायला केलेला असतो. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळपट थर चढतो, देवघरातलं निरांजन काळं पडतं तसाच. मोठा प्रवाह असला की बारीकशी ठिणगी तो थर दर वेळी जाळून टाकते आणि कॉन्टॅक्ट आपोआप साफ राहतो. ६६ मायक्रोअँपिअरमध्ये तो थर भेदायची ताकदच नाही. म्हणून चांगल्या स्विचच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त भाराबरोबर कमीत कमी भारही दिलेला असतो. चांदीच्या कॉन्टॅक्टचा ५ व्होल्टला १६० मिलीअँपिअर आणि सोन्याचा मुलामा दिलेल्याचा १ मिलीअँपिअर, असे आकडे मी स्वतः वाचलेत. १६० मिलीअँपिअर कुठे आणि ६६ मायक्रोअँपिअर कुठे! लोक १६ अँपिअर लिहिलेला स्विच बघून खूश होतात, की केवढा दणकट. आपल्या कामाला तो आकडा जितका मोठा तितका स्विच चुकीचा.

हे मी एका पॅनेलवर अनुभवलंय. एका सोसायटीच्या क्लब हाउससाठी बनवलं होतं, हाताशी होते म्हणून मोठ्या भाराचे मायक्रोस्विच वापरले. उन्हाळाभर उत्तम चाललं. जुलैत दहा-बारा दिवस कोणी खेळलं नाही, आणि मग फोन आला की अर्धी बटणं मेली. मी गेलो, मल्टिमीटर लावला, पहिल्या दाबाला बीप नाही, दुसऱ्याला नाही, पाच-सहा वेळा जोरात दाबलं की बीप. वायर ठीक, बोर्ड ठीक. स्विच फोडून बघितला तेव्हा कॉन्टॅक्टवर तपकिरी डाग दिसला. बारा स्विच बदलले, सोन्याच्या मुलाम्याचे घातले, त्यानंतर ती तक्रार आली नाही.

तुला सोन्याचे स्विच मिळाले नाहीत तर एक उपाय तुझ्या हातात आहे. प्रत्येक इनपुटला बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे जोड. मग बटण दाबल्यावर ३.३ मिलीअँपिअर वाहतील, आतल्या पुल-अपच्या पन्नासपट. चांदीच्या कॉन्टॅक्टसाठी हेही कमीच आहे, पण रोज वापरात असलेल्या स्विचला पुष्कळ फरक पडतो. रेझिस्टर अगदी स्वस्त आणि काम एका संध्याकाळचं.

आता मायक्रोस्विच उघडून बघ. हे वाचून समजणार नाही, म्हणून एक स्वस्तातला घे आणि वर्तमानपत्रावर बसून फोड. बाजूच्या झाकणाच्या फटीत बारीक पेचकस घालून हळू उचकटलं की झाकण निघतं. आत नखाएवढी तांब्या-पितळेची पट्टी दिसेल, मधे कापलेली आणि एक भाग कमानीसारखा वाकवलेला. टोकाला मोहरीएवढा कॉन्टॅक्ट. वर प्लास्टिकची छोटी खुंटी, तिला प्लंजर म्हणतात. खुंटी अगदी सावकाश दाब. पट्टी वाकते, वाकते, आणि एका ठरावीक जागी अचानक टक करून पलटते. तुझं बोट कितीही हळू असो, पलटणं मात्र झटक्यातच होतं. यालाच स्नॅप ॲक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या फ्रीपोर्ट गावच्या पीटर मॅकगॉलने १९३२ साली ही युक्ती काढली आणि तिथूनच मायक्रोस्विच हे नाव आलं.

आता खुंटी तशीच हळू सोड. परत पलटते ती त्याच जागी नाही, थोडी वर येऊन. या दोन जागांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे. ते जास्त असेल तर भराभर दाबताना बोट पुरेसं वर येत नाही, स्विच सुटतच नाही, आणि तुला वाटतं बटणाने दाब गिळला. खेळणारा म्हणतो, मी दाबलं होतं! तो खरंच बोलत असतो. म्हणून बटण तपासताना फक्त 'दाबल्यावर लागतं का' बघू नकोस. मल्टिमीटर बीपवर ठेव आणि बोट अगदी थोडं थोडं वर-खाली करत किती कमी हालचालीत बीप तुटतो आणि पुन्हा लागतो ते ऐक.

जपानी ३० एमएमच्या बटणात स्विच पोटातच असतो, प्रवास छोटा, स्प्रिंग हलकी, टक असा आवाज जवळपास नाही. बोट नुसतं टेकवलं तरी लागतं. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना अमेरिकन बटण जड वाटतं. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याचं बोट जपानी बटणावर विसावलं की नकळत दाबलं जातं. मंडपात सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत माणसं येणार. त्यांना बोटाखाली टक असं उत्तर मिळालेलं बरं असतं, बटण लागलं हे हाताला कळतं. वरून खोलगट टोपी घे, बोट घसरत नाही. मायक्रोस्विच वेगवेगळ्या जोराचे मिळतात, ५० ग्रॅमपासून १०० ग्रॅमच्या पुढेपर्यंत. तुझ्यासाठी ७५ ग्रॅमच्या आसपासचा मी निवडेन. मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच घातलेली बटणंही असतात, चेरी एमएक्स रेडचा जोर ४५ ग्रॅम, लागतो २ एमएमवर. वेगाने खेळणाऱ्यांसाठी ती उत्तम, पण मंडपासाठी मी ती घेणार नाही, एक बिघडलं तर इंदुरात संध्याकाळी सातला त्याचा सुटा भाग कुठून आणणार? मायक्रोस्विच मात्र दोन पिना सरकवून अर्ध्या मिनिटात बदलतो, आरतीच्या आधी.

आवाजाचं मात्र खरं आहे. बारा मायक्रोस्विच एकदम वाजायला लागले की फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला त्रास होतो. गणपतीनंतर पॅनेल घरी येणार, तेव्हा याचा विचार आत्ताच कर. पॅनेलच्या खोक्यात आतून जाड फोम चिकटवलास तर आवाज बराच बसतो, कारण निम्मा आवाज स्विचचा नसून पोकळ खोक्याचा असतो.

सगळ्या बटणांना सारखाच मान द्यायची गरज नाही. सहा-सहा बटणांची ही मांडणी १९९१च्या स्ट्रीट फायटर टूने रूढ केली, तीन बुक्क्यांची आणि तीन लाथांची. पण मंडपात जास्त खेळले जातील ते जुने सोपे खेळ. पॅकमॅनला तर जॉयस्टिक आणि स्टार्ट सोडून बटणच लागत नाही. गॅलागासारख्या खेळाला एकच बटण, आणि ते सारखं दाबायचं. त्यामुळे दोन्ही खेळाडूंचं पहिलं बटण सगळ्यात आधी झिजतं. तुझ्याकडे चार-सहाच चांगले स्विच असतील तर ते पहिल्या आणि दुसऱ्या बटणाखाली घाल. स्टार्ट आणि कॉइनला साधे चालतात. खेळातून बाहेर पडायचं बटण मात्र वर ठेवूच नकोस. पॅनेलच्या बाजूला, थोडं आत घेऊन, छोटं २४ एमएमचं लाव. नाहीतर प्रत्येक लहान मूल आधी तेच दाबतं आणि रांगेत उभं असलेल्याचा खेळ जातो.

जोडणी. मायक्रोस्विचला तीन टोकं असतात, कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनला जुळणारं) आणि एनसी (न दाबता जुळलेलं). कॉमन ग्राउंडला, एनओ बोर्डच्या पिनला. एनसीला चुकून लावलंस तर बटण कायम दाबलेलं दिसेल. घाबरू नकोस, बोर्ड बिघडलेला नसतो, थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला लावलेली पत्र्याची क्लिप, शेजारच्या टोकावर सरकव. प्रत्येक खेळाडूला चार जॉयस्टिकची, सहा बटणांची, स्टार्ट आणि कॉइन अशा बारा पिना होतात, म्हणून दोन पिको घेतलेस ते बरोबर केलंस, प्रत्येकाला एक. टोकांवर सोल्डर करू नकोस. प्लास्टिक मऊ पडून टोक वाकडं होतं आणि स्विच बदलायचा म्हटलं की पुन्हा आयर्न तापवा. पुश-ऑन थिंबल वायरवर क्रिम्प कर, म्हणजे पकडीने दाबून बसव. इथेही माप बघायचं: या मायक्रोस्विचना ४.८ एमएमचं लागतं, जपानी बटणांना २.८चं. गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळतं ते ६.३चं, ते सैल बसेल आणि मंडपात दणक्याने निघेल. २.८ची थिंबलं मला दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून जपानी बटणांबरोबर मी तीही मागवून घेतो. वायर अर्धा स्क्वेअर एमएमची, मऊ, बहुतारी.

ग्राउंडची वायर सगळे जण एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी नेतात. तसंच कर, पण माळेचं शेवटचं टोक पुन्हा बोर्डाच्या ग्राउंडला आणून जोड. म्हणजे मधे कुठे एक थिंबल निसटलं तरी पुढची बटणं दुसऱ्या बाजूने जिवंत राहतात. कारखान्यात ही सवय लागली आणि तिने मला अनेकदा वाचवलंय.

बोर्डाच्या बाजूने एकच सांगतो. कुठलाही स्विच लागताना कॉन्टॅक्ट काही क्षण उडतो, सहसा १ ते ५ मिलिसेकंद, आणि बोर्डला एका दाबाचे चार दाब दिसू शकतात. त्यासाठी डिबाउन्स असतो. तो दोन पद्धतींनी करता येतो: कॉन्टॅक्ट शांत होईपर्यंत थांबून मग दाब मानायचा, किंवा पहिल्या स्पर्शालाच दाब मानून पुढचे ५ मिलिसेकंद दुर्लक्ष करायचं. तू स्वतः प्रोग्राम लिहिणार असशील तर दुसरी पद्धत घे, बोटाला उशीर जाणवत नाही. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. स्वस्त बोर्ड यूएसबीवर ८ मिलिसेकंदांनी एकदा उत्तर देतात, पिकोवर ते १ मिलिसेकंदावर आणता येतं. बटणांच्या किमतीवरून रात्रभर भांडणारी मुलं हे बघतच नाहीत.

दिवा लावायचा असेल तर लाव, मंडपात शोभेल. फक्त ५ व्होल्टचे एलईडी घे. १२ व्होल्टवाली बटणंही तशीच दिसतात, आणि ती १२ व्होल्टची वायर चुकून स्विचच्या टोकाला गेली की पिकोची पिन गेलीच म्हणून समज. सोळा दिवे २० मिलीअँपिअरने ३२० होतात, लॅपटॉपच्या साध्या यूएसबीची मर्यादा ५००ची आहे, पण बोर्डाच्या वाट्यावर ताण नको म्हणून दिव्यांना वेगळा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर दे. दिवा लागला नाही तर एलईडी उलटा फिरवून बघ. २३० व्होल्टची वायर त्या खोक्यात कुठल्याही कारणाने शिरता कामा नये, हे मात्र वडिलांनाही सांग.

आता मागवण्याबद्दल. दोन-तीन ठिकाणची एकेक-दोनदोन बटणं मागव. नकली माल भरपूर आहे आणि छायाचित्रात फरक कळत नाही. हातात आल्यावर टोपीच्या मध्यभागी न दाबता कडेवर दाब, चारही बाजूंनी. चांगलं बटण तिरपं होऊनही सरळ खाली जातं, वाईट अडकतं किंवा खरखरतं, आणि खेळताना बोट नेहमी मध्यभागी पडत नसतं. मग मल्टिमीटर ओहमवर ठेव: दाबल्यावर आकडा एक ओहमच्या खाली आणि स्थिर हवा. तिसरी परीक्षा म्हणजे प्लायच्या उरलेल्या तुकड्यात भोक पाडून बटण आवळायचं आणि पन्नास वेळा भराभर दाबायचं. जे हातात हलकं वाटतं ते लाकडात आवळल्यावर वेगळंच लागतं. पसंत पडलं की सोळा वरची आणि एक बाजूचं मागवताना दोन बटणं आणि चार मायक्रोस्विच जास्त मागव, आणि ते स्विच पिशवीत घालून पॅनेलच्या आतच चिकटवून ठेव. मंडपात कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

माझ्याकडे दोन फुटांची एक फळी आहे, तिच्यावर सात प्रकारची बटणं बसवलेली आहेत. जपानी खटक्याचं आहे, दोन जोरांची मायक्रोस्विचवाली आहेत, कीबोर्डच्या स्विचचं आहे, आणि तुझं ते मशीनचं २२ एमएमचंही आहे. फॉर्स्टनर बिट घ्यायला सियागंजात येशील तेव्हा वडिलांना घेऊन घरी ये. फळी चार दिवस घेऊन जा, आजीलाही दाबायला दे, आणि कुठलं बटण कोणाला आवडलं ते कागदावर लिहून आण.